सहापट लांब दांडा

निघोजे,
९ जून २०२५

ती. विजयश्रीताईस,
धनेशचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून हसू नकोस. फोनवर तू चुका काढतेस, मी चिडतो आणि कट करतो. कागद कट करता येत नाही, म्हणून लिहायलोय.

लई वैतागलोय ताई. कंपनीत दर महिन्याला प्रत्येकानं एक सुधारणा लिहून द्यायची असते, तिला इथं कायझेन म्हणतात. दोन महिने माझं पान कोरं गेलं, तर जयदीप सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला की धनेश डोकं रूमवर ठेवून कामाला येतो. ते मी गिळलं. पण खरा त्रास वेगळाच आहे. आमच्या प्रेसचा साचा बदलताना त्याची एक कड चार बोटं उचलावी लागते, मग खाली लोखंडी रूळ सरकवायचे. कड उचलायला प्रज्वल आणि भीमराज दोघं दोन पहारी घालून लोंबकळतात. भीमराज ठेकेदाराकडचा, खेडच्या डोंगरपट्ट्यातला. त्याची कंबर पार गेलीय. परवा पहार टाकून तो खालीच बसला आणि जयदीप घड्याळ बघत उभा. मला ते बघवत नाही.

भीमराजसाठी मी एक दांडा करून बघितला, आकृती मागच्या बाजूला आहे. साचा जागचा हलत नाही. जगाच्या पोरांना विज्ञान शिकवतेस, जरा भावालाही शिकव. भाऊजींना नमस्कार, पोरींना गोड पापा.

तुझा त्रासलेला भाऊ,
धनेश


औसा,
१७ जून २०२५

चि. धनेश यास,
अ. उ. आ.

आकृती बघून कपाळावर हात मारला. टेकू बरोबर मधोमध ठेवलास. अरे शहाण्या, मधोमध टेकू म्हणजे जेवढा भार तेवढाच जोर. शाळेत तरफ शिकवत होते तेव्हा तू खिडकीतून एसट्या मोजत होतास, त्याचं हे फळ.

टेकू साच्याकडं सरकव. साच्याकडं वीस सेंटीमीटर दांडा ठेव, हाताकडं एकशे वीस. आकृतीत कडेवर एकशे वीस किलोचा भार लिहिलायस ना, तो वीस किलोच्या जोरानं उठेल. एकट्या भीमराजनं नुसतं अंग टाकलं तरी पुरे. फुकट मात्र काही मिळत नाही. कड सात सेंटीमीटर उठायला हात बेचाळीस सेंटीमीटर खाली न्यावा लागेल. जोर सहावा हिस्सा, अंतर सहापट, काम तेवढंच. यंत्र काम कमी करत नाही, माणसाला झेपेल असं करून देतं. हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि दरवर्षी निम्मी पोरं पेपरात उलटं लिहून येतात. मग मी चिडते आणि ती हसतात.

दांडा जाड घे, नाहीतर वाकून तोंडावर यायचा. आणि फोनवर मेसच्या भाजीला नावं ठेवण्यापेक्षा रूमवर कुकर लाव.

जीव लावणारी आणि कान पिळणारी,
ताई


निघोजे,
१४ जुलै २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दांडा बसला. तू सांगितलंस तसाच, सेंटीमीटरला सेंटीमीटर. पहिल्या दिवशी भीमराजनं एकट्यानं कड उचलली आणि कमरेला हात न लावता सरळ उभा राहिला. मला म्हणाला की भावा, आज घरी जाऊन पोरीला खांद्यावर घेतो. बावीस मिनिटांचं काम नऊ मिनिटांत व्हायला लागलं. माझा फोटो बोर्डावर लागला, प्रमाणपत्र मिळालं, स्टीलचा डबा मिळाला. जयदीपनं पाठ थोपटली.

फोटोखाली एक रकाना असतो, काय बचत झाली त्याचा. त्यात लिहिलंय, एक माणूस. गुरुवारच्या सुट्टीनंतर भीमराज शुक्रवारी गेटवर आला तर त्याचं कार्ड चालेना. प्रज्वल कायम आहे, तो राहिला. भीमराजला गेटवरूनच परत लावलं. माझी बस मागून आली, मी खिडकीतून त्याला डबा घेऊन उलट्या वाटेनं चालताना बघितलं आणि मला खाली उतरायची हिंमत झाली नाही.

काम तेवढंच राहतं म्हणालीस ना? मग माणूस कसा कमी झाला? तुझ्या त्या फळ्यावर भीमराज कुठं बसतो ते मला कळव. राग आलाय तुझा, आणि माझा त्याहून जास्त.

धनेश


औसा,
२२ जुलै २०२५

चि. धनेश यास,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझा राग आला, दुसऱ्यांदा माझा.

विचारलंस म्हणून सांगते. पुस्तकात कार्याच्या पुढच्याच पानावर शक्ती येते. तेच काम किती वेळात झालं, एवढंच ती बघते. तुमची कंपनी ते पान वाचते. मी तुला ते सांगितलंच नाही, कारण मला त्या माणसाची कंबर दिसत होती, घड्याळ दिसत नव्हतं. एवढी वर्षं शिकवून ही गत. परवा वर्गात तरफ आली तेव्हा मी तो धडा प्रज्ञा शोध परीक्षेला बसलेल्या हुशार पोरांवर सोपवून बाहेर व्हरांड्यात उभी राहिले.

तू मुद्दाम केलं नाहीस. पण आता गप्प बसलास तर ते मुद्दाम होईल. प्रमाणपत्र घेऊन मोठ्या साहेबांकडं जा. त्यांना सांग, दांडा ठेवा आणि माणूस दुसऱ्या लाइनवर घ्या. तोंड उघडायला कुठली तरफ लागत नाही. रात्री झोप येत नसेल तर फोन कर, चुका काढणार नाही.

तुझ्याइतकीच अस्वस्थ,
ताई


निघोजे,
२२ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेलो. साहेबांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि ठेकेदाराची माणसं हा आपला विषय नाही म्हणाले. ठेकेदार म्हणाला की कंपनीनं मागितला तर आत्ता पाठवतो. चार दिवस मी दोघांच्या मधे हेलपाटे घातले. कोणी वाईट बोललं नाही, सगळे गोडच बोलले, त्याचाच संताप येतो. पाचव्या दिवशी जयदीपनं ऑगस्टचं कायझेन मागितलं.

काल गुरुवारी भीमराजला शोधून काढला. चिंबळी फाट्याजवळ एका गाळ्यात लागलाय, तिथं गुरुवारची सुट्टी नसते. जुना प्रेस, तसलाच साचा. कमरेला पट्टा बांधून तो आणि साठीला आलेले एक सोपानराव पहारी घालून कड उचलत होते. त्यानं मला बघून ओळख दिली, पाणी दिलं. मी माफी मागायला गेलो होतो, आणि टेप काढून मोजायलाच लागलो. पुढच्या गुरुवारी दांडा बसवून देतो म्हणालो, टेकूची जागा खडूनं जमिनीवर आखलीसुद्धा.

भीमराजनं एकदा सोपानरावांकडं बघितलं आणि मला हाताला धरून बाहेर आणलं. चिडला नाही, ताई. चिडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला की भावा, तुझ्या पाया पडतो, हितं दांडा बसवू नको, हितं अजून आमी दोघं हाय. मग आत गेला, खडूची खूण पायानं पुसली आणि पहार उचलली.

याचं उत्तर पुस्तकात असेल तर पाठव. नसेल तर नुसतं पत्र पाठव.

तुझा,
धनेश