भिंतीतला सांधा

बाबूजी, आज स्वयंपाकघराची भिंत फोडली आणि तुमचं खोटं सापडलं.

ओटा खिडकीखाली हलवायचा होता, म्हणून गोंदियाहून फिटर बोलावला होता. तुम्ही टाकलेली गॅसची तांब्याची नळी भिंतीबाहेर येते तिथं कापायची आणि पुढं ती नवी, पिवळ्या आवरणातली, वळ्यावळ्यांची लवचीक स्टीलची नळी जोडायची, एवढंच काम. धरायला तांबं थोडं आखूड पडत होतं, म्हणून त्यानं प्लास्टर खरवडलं. आत पितळी नट निघाला, वर चिंधी आणि लेप थापलेला. त्यानं साबणाचा फेस लावला. बुडबुडे येऊ लागले, अगदी सावकाश. "बाई, इथं जोड हाय," तो म्हणाला. "हा तं कितीक वर्षांपासून गॅस सोडून राहिला असन."

मला वास यायचा, बाबूजी. सकाळी दार उघडलं की यायचा, भांड्यांचं कपाट उघडलं की यायचा. मुर्रीच्या या घरात तो दुसऱ्या कोणालाच येत नव्हता, म्हणून मी तुम्हाला बोलवायची. तुम्ही आपल्या गोंदियाकडच्या गोरेगावहून मोटरसायकलवर यायचे, शेगडीपाशी आणि बाहेर सिलिंडरपाशी फेस लावायचे आणि सासूबाईंना ऐकू जाईल असं म्हणायचे, "पाहाय, एकबी बुडबुडा नाही. वहम आहे तुले. काऊन एवढी भेऊन राहिली?" सगळे हसायचे. पुढं पुढं मीही हसायला लागले. भाजी करपली तरी आधी दुसऱ्याला विचारायची, जळकट वास येतोय का म्हणून. स्वतःच्या नाकावरचा विश्वास तुम्ही माझ्याकडून काढून घेतला, आणि मी तो देऊनही टाकला, कारण सांगणारे तुम्ही होते.

या घरात आम्ही राहायला आलो तेव्हा ही लाइन तुमच्याकडून भेट होती. संध्याकाळी पाहुणे जेवायला येणार होते. अंगणात उभे राहून तुम्ही व्याह्यांना सांगत होते, "भितीत एकबी जोड नाही. सबंध नळी टाकली पोरीसाठी." आता कळतं, नळी कमी पडली असणार, बाजार लांब, आणि शब्द तर आधीच देऊन बसलेले. लोकांसमोर मान खाली घालायची नव्हती तुम्हाला. तेवढ्यासाठी माझी मुलं रोज त्या भिंतीला टेकून जेवली.

आणि मला रागावले होते ते आठवतं का? लग्नाआधी, आपल्या घरी, शेगडीमागचा सांधा वाईट दिसतो म्हणून मी त्यावर फुलाफुलांचा पडदा लावला होता. तुम्ही जेवता जेवता उठले, उष्ट्या हातानं तो ओढून फेकला. "सांधा झाकाचा नाही! डोयाले दिसला पाह्यजे, हात पोचला पाह्यजे!" मी रडले होते, पण ते वाक्य आजवर जपलं. शेजारणींनाही शिकवलं. तेच तुम्ही माझ्या भिंतीत पुरून गेले.

फिटरनं काम नीट केलं. खराब भाग कापला, तांब्याचं तोंड फुलवलं, स्टीलच्या नळीचं आवरण सोलून तिच्या खाचेत पितळी कडी बसवली आणि मधे पितळी जोडणी घेऊन नट आवळले. एका पान्यानं धरायचं, दुसऱ्यानं फिरवायचं, म्हणजे तांबं पिळत नाही. अगदी तुमच्यासारखं. ते पाहताना तुमची आठवण आली आणि त्या आठवणीचाच राग आला. सांधा भिंतीबाहेर, उघडा ठेवलाय. फेस लावला, काही आलं नाही. तरी मी वाकून हुंगलं. कोणी हसलं नाही.

हे लिहून तुमच्या फोटोमागं ठेवायचं ठरवलं होतं. नाही ठेवत. तिथं सासूबाई रोज उदबत्ती लावतात, त्यांच्या हाती लागेल. चुलीत घालीन.

एकच सांगायचं राहिलं. पाने पिशवीत टाकताना फिटरनं विचारलं, "भितीत जोड कोनं केलन बाई?" मी म्हणाले, माहीत नाही, होता कोणीतरी. तुम्हाला वाचवायला तसं म्हणाले नाही, बाबूजी. माझे वडील होते, हे सांगायची मला लाज वाटली.