डावीकडची गिरकी

४ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वसतिगृहात फोन फक्त रविवारी मिळतो आणि त्यातला निम्मा वेळ तू 'जेवलीस का' यातच घालवतेस, म्हणून आपलं पत्रच बरं.

मी पडले. लगेच चष्मा काढून डोळे पुसायला बसू नकोस. मानेचा पट्टा काल निघालाय आणि आता मला दोन्हीकडे बघता येतं. बाबांना मात्र कळवू नकोस, ते मला न्यायलाच येतील.

झालं असं. जिम्नॅस्टिक्सच्या फ्लोअर प्रकारातल्या माझ्या नव्या उडीत मागे कोलांटी घेऊन हवेतच अर्धी गिरकी घ्यायची आणि मग उरलेली कोलांटी पुढच्या अंगाने, आणखी एक गिरकी घेत पुरी करायची. माझी मागच्या कोलांटीतली गिरकी उजवीकडे जाते आणि पुढच्या कोलांटीतली डावीकडे. वेगवेगळ्या केल्या तर कुणाचं काही बिघडत नाही. एकाच उडीत दोन्ही आल्या की अंग अर्ध्यात अडतं, आणि मला जमीन कुठे नि छत कुठे तेच कळेनासं होतं. त्या दिवशी जमीनच आधी आली.

सरांनी मला नुसतं जागच्या जागी उड्या मारून फिरायला लावलं, डोळे मिटून फिरायला लावलं. दर वेळी मी डावीकडेच फिरले. म्हणाले, तू मुळात डावखुऱ्या गिरकीची आहेस, फक्त ही मागची गिरकी कुणीतरी उलटी शिकवली आहे, ती चूक काढावी लागेल. नाहीतर ऑक्टोबरच्या निवड चाचणीत फ्लोअर विसर. कुणी शिकवली, असं विचारलं. मी सांगितलं, माझ्या आईने.

मावशी, आई चूक शिकवेल का गं? तू तर रोज चष्म्याच्या दुकानातून सुटून व्यायामशाळेत येऊन बसायचीस. तुला काही आठवतं का?

डॉक्टरांनी मान जपायला सांगितली आहे, माया तू जप.
तुझी,
भिंगरी


११ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दुकानातच वाचलं. चष्मा काढला नाही, कारण समोर गिऱ्हाईक बसलं होतं. त्या आजोबांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली होती आणि मी तुझी वाचत होते. त्यांनी सगळी चुकीची वाचली आणि मी शाबास म्हणाले.

तुझ्या आईचा उजवा खांदा तुझ्या जन्माआधीच गेला होता, व्यायामशाळेतल्या बारवरून पडून. तो हात खांद्याच्या वर जायचा नाही, त्याच्यावर वजन पेलायचं नाही. मागची कोलांटी शिकवताना पोराच्या पाठीखाली जोराचा हात लागतो. तिला तो डावाच लावता यायचा. आणि डावा हात तुझ्या पाठीशी आणायचा तर तुझ्या उजव्या अंगालाच उभं राहावं लागायचं. तू एवढीशी होतीस. गिरकी घेताना तुझी मान आधी तिच्याकडे वळायची, मग बाकीची तू. आई आहे ना, एवढं बघून घ्यायचीस आणि फिरायचीस. म्हणून ती उजवीकडे.

तेव्हा चूक तुझी नाही, तिचीही नाही. खांद्याची म्हण हवं तर. कारण कळलं ना, आता सर सांगतात तसं मुकाट कर. तुझी मान एकच आहे आणि माझ्या दुकानात तिला काच मिळत नाही.

आशीर्वाद आहेतच, ते पुरवून वापर.
मावशी


२ जुलै

चि. भिंगरीस, आशीर्वाद.

दोन रविवार तू फोन उचलला नाहीस. वसतिगृहाच्या बाई म्हणतात, मुलगी बरी आहे, जेवते. कार्डावर जास्त मावत नाही. रागावली असशील तर तसं लिही, पण लिही.
मावशी


९ जुलै

ती. मावशीस,
सा. न.

रागावले नाही. खरं तर रागावले आहे.

तू सांगितलं नसतंस तर मी बदललं असतं. आता नाही बदलणार. सरांना सांगून आले. त्यांनी आवाज चढवला नाही, फळ्यावरच्या माझ्या नावापुढचं फ्लोअर पुसून टाकलं. उरलेले प्रकार खेळ म्हणाले.

इतकी वर्षं मी उजवीकडे का बघते ते मलाच माहीत नव्हतं. आता उडताना माहीत असतं. डिसेंबरात तुमचा निरोप आला तेव्हा मी स्पर्धेच्या गावी होते. दवाखान्यात पोचले तर आईला नेलेलं होतं आणि पलंगावर नवी चादर घालून झाली होती. मला तिचा शेवटचा चेहरा मिळालाच नाही, मावशी. तुम्हा सगळ्यांना मिळाला. माझ्याकडे एवढंच आहे, मान उजवीकडे वळवायची आणि ती तिथे असणार असं क्षणभर वाटायचं. ते मी स्वतःच्या हाताने कसं पुसू? फ्लोअर गेलं तर गेलं.

हे सगळं तुला सांगून मला बरं वाटलेलं नाही.

नमस्कार,
भिंगरी


१६ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र उशाशी घेऊन झोपले, म्हणजे झोपले नाहीच. मी मोठी शहाणी, कारण सांगितलं की पोरगी मोकळी होईल असं समजले. माझ्या जिभेला हाड नाही हे तुझी आई उगाच म्हणत नव्हती.

आता बोललेच आहे तर उरलेलंही ऐक. हे सांगायचं नाही अशी तिने मला ताकीद दिली होती.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात तू वसतिगृहातून तुझ्या उडीची फिल्म पाठवलीस, आठवतं? आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात बघितली. मी टाळ्या पिटल्या. तिने नाही. परत लावायला सांगितली, परत बघितली. मग म्हणाली, ही माझ्या खांद्यामुळे उलटी फिरते आहे, पुढे मोठी उडी घेईल तेव्हा आपटेल. दुसऱ्या दिवसापासून ती दाराआड उभी राहून निळा प्लास्टिकचा कॅन उजव्या हाताने उचलायला लागली. आधी रिकामा. मग तळाशी पेलाभर पाणी. दुखायचं, दात आवळून धरायची, मला बघू द्यायची नाही. कॅन कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, पोरगी सुट्टीत आली की तिच्या डाव्या अंगाला उभी राहणार आहे, तिथून उजव्या हातानेच पाठ धरावी लागते. पहिल्यापासून शिकवीन, कुरकुर करील, करू दे. तुला आधी सांगायचं नव्हतं, कारण हात उठेल याची तिलाच खात्री नव्हती. सुट्टी आली तेव्हा तू शिबिरात होतीस. नंतर तिचा आजारच निघाला.

दवाखान्यातसुद्धा उजवा हात वर करून बघायची. सुई निघेल म्हणून नर्सबाई ओरडायच्या. शेवटच्या दिवशी चेहरा कसा होता ते विचारू नकोस, त्या चेहऱ्यात तुझी आई फारशी उरली नव्हती. तुला तो मिळाला नाही याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. हात मात्र तू बघायला हवा होतास. कानापर्यंत गेला होता.

डावीकडे वळलीस तर ती तिथे दिसेल असं खोटं मी लिहिणार नाही. दिसणार नाही. पण ती त्या बाजूला यायला निघाली होती, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पुढचं तुझं तू ठरव. फ्लोअर खेळ, नको खेळूस, मला दोन्ही चालेल. उजवीकडे बघत बघत मान मोडून घेतलीस तर मात्र मी एकटी काय करू, ते आधी मला कळव.

कॅन अजून दाराआडच आहे. मी त्यातलं पाणी ओतलेलं नाही.

तुझी वाट बघणारी,
मावशी


२८ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही होत नव्हतं.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी सरांकडे गेले. त्यांनी काही न विचारता मला लहान पोरींच्या रांगेत उभं केलं. ट्रॅम्पोलिनवर सरळ उडी, पाव वळण, अर्धं वळण, सगळं डावीकडे. एक सात वर्षांची चिमुरडी मला म्हणाली की ताई, तुला एवढंही येत नाही का. मी म्हटलं, नाही येत. मागे उडाले की मान आपोआप उजवीकडे जायची. सरांनी मग डाव्या गालाखाली चुरगळलेला कागद धरायला लावला, हनुवटी आणि डाव्या खांद्याच्या मध्ये. पडला की उडी बाद. फार कागद पडले.

मग पडलं तरी लागू नये अशा फोमच्या खड्ड्यात. सर हात द्यायला डावीकडे येऊन उभे राहिले, तर मी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. का ते सांगितलं नाही. ते झाले बाजूला.

मागे उडाले आणि डावीकडे वळले. तू म्हणालीस तसंच झालं, मावशी. तिथे कोणी नव्हतं. भिंत होती, तिच्यावरचं घड्याळ होतं. अंग मात्र इतकं सहज फिरलं की मला रागच आला. इतकी वर्षं ते उजवीकडे जायला केवढे कष्ट घेत होतं. मी खड्ड्यात पडून राहिले आणि भरपूर रडले. सर गादीची चेन लावत बसले. ती गादी आधीच बंद होती.

काल पूर्ण उडी गादीवर केली. मागून अर्धी, पुढून बाकीची, दोन्ही डावीकडे. जमीन पायाखाली आली. फळ्यावर सरांनी फ्लोअर परत लिहिलंय, अक्षर नेहमीसारखंच गिचमिड, तुझ्या आजोबा गिऱ्हाइकाला वाचता आलं नसतं.

चाचणी पुढच्या महिन्यात अठरा तारखेला आहे. बाबांना घेऊन ये, आता सांगितलंस तरी चालेल. मी जिथून धाव घेते तिथे दोन्ही अंगांना घरच्यांसाठी एकेक बाक असतो. तुम्ही दोघं डावीकडच्या बाकावर बसा. बाबांना उगाच हात हलवू देऊ नकोस. निळा कॅन आण, पाण्यासकट, आणि तो उजवीकडच्या बाकावर ठेव. तिथे दुसऱ्या कुणाला बसू देऊ नकोस. कुणी विचारलं तर जागा धरून ठेवली आहे असं सांग.

मी तिकडे बघणार नाही.

माया आहे तेवढी राहू दे,
तुझी,
भिंगरी