नाताळापर्यंत एक तरी माणूस

२ ऑक्टोबर १९५५, रविवार
खडकीच्या देवळात आज पाळकसाहेबांनी पाऊण तास खाल्ला. विषय: साक्ष देण्यातला आनंद. आपला विश्वास दुसऱ्याला सांगताना म्हणे माणूस आतून उजळतो. पाळकसाहेब स्वतः उजळलेले दिसले नाहीत. घामेजलेले दिसले. शेवटी मुद्द्यावर आले. जानेवारीत मंडळीच्या पंचाची एक जागा भरायची आहे. ज्याला उभं राहायचंय त्याने स्वतः साक्ष देऊन एक तरी नवा माणूस नाताळच्या उपासनेला आणावा.
माझं वय सेहेचाळीस. पंच व्हायला लागतं ते सगळं माझ्याजवळ आहे: कोट, आवाज आणि इतरांच्या चुकांची माहिती. आनंद तेवढा राहिला होता, तोही आता होऊन जाईल.
दुसरा उमेदवार लक्ष्मणराव कंपाउंडर. प्रार्थनेत घोरतो. त्याच्यावर जास्त शाई खर्च करणं पाप.

३ ऑक्टोबर
संकल्प: रोज एका माणसाला साक्ष. रविवार सोडून. म्हणजे नाताळापर्यंत साधारण सत्तर. सगळे आले तर बाकं पुरणार नाहीत, पाळकसाहेबांना आधी कळवावं.
मार्थाला सांगितलं. ती म्हणाली, आधी शेजाऱ्यांशी बोलायला लागा, पिंपरीच्या या कॉलनीत येऊन वर्ष झालं. बायकोला मोठी गोष्ट सांगण्यात अर्थ नाही.

४ ऑक्टोबर
कारखान्यातच सुरुवात केली. औषध भरण्याच्या खोलीत सहा जण असतात, तोंडाला फडकी बांधलेले. काचेच्या खिडकीशी उभा राहून वीस मिनिटं बोललो. एकानेही मध्ये तोंड घातलं नाही. बारा डोळे माझ्यावर. एवढी एकाग्रता खडकीत जन्मात पाहिली नाही.
आनंद: अजून नाही. पण पोटात काहीतरी हललं.

५ ऑक्टोबर
फोरमनने बोलावलं. त्या काचेतून आत शब्द जात नाही म्हणे. स्टोअर्सचा क्लार्क खिडकीशी येऊन हातवारे करतो अशी सहाही जणांची तक्रार. काल पोटात हललं ते कॅन्टीनचं वांगं होतं.
शिसारी आली. कारखान्याची, फोरमनची, वांग्याची.

१३ ऑक्टोबर
कॅन्टीनमध्ये मी बसलो की टेबल रिकामं होतं. आदर म्हणायचा. पण रिकाम्या टेबलाला साक्ष देता येत नाही.
सत्तरचा आकडा उगाच मोठा होता. संख्येचा मोह वाईट. दहा.

१८ ऑक्टोबर, दुपार
माणूस सापडला. बाटल्या धुण्याच्या खात्यातला गेनू. चिखलीहून रोज चालत येतो, सुट्टीत बाभळीखाली भाकरी खातो. उठून जाणं त्याला शक्य नव्हतं, भाकरी मांडीवर सोडलेली होती. मी पापाबद्दल बोललो, अग्नीबद्दल बोललो, जिवाच्या तळमळीबद्दल तर फारच चांगलं बोललो. गेनूने चावणं थांबवलं. मग हळूच विचारलं, भाऊसाहेब, रातच्याला झोप लागती का?
नाही म्हणालो. (पित्त.)
जेवान जातं का?
कसलं जेवण, म्हणालो. कॅन्टीन डोळ्यांपुढे होतं.
त्याने अर्धा कांदा माझ्यापुढे केला. काय तहान आहे या माणसाला.

७ नोव्हेंबर
गेनू रोज ऐकतो. तीन आठवड्यांत एकदाही वाद नाही. मध्येच घरची चौकशी करतो. पोरंबाळं? नाही म्हणालो. भाऊबंद? कोर्टात आहेत म्हणालो. चक् चक् केलं आणि भाकरीवर खर्डा वाढला. खेड्यातल्या माणसाला विषयाला धरून राहता येत नाही.
बाकीचे नऊ शोधायचं सोडून दिलं आहे. एकच, पण पक्का.

२० नोव्हेंबर, रविवार
गेनू बायकोला घेऊन घरी आला. नाव तानाबाई. मार्थाने चहा केला, तानाबाई नको म्हणाली. केक पुढे केला, तोही नको. गोड सोडलंय म्हणे. का सोडलं विचारलं तर नवऱ्याकडे बघायला लागली. मग माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांना पदर लावला. मी अजून सुरुवातसुद्धा केली नव्हती. पश्चात्तापाला कधीकधी बोलण्याचीही गरज लागत नाही.
माझं पूर्ण नाव विचारलं, गाव विचारलं. शांतवन म्हणालो, गाव राहुरी. तिने दोन्ही तीनतीनदा घोकून पाठ केलं. गावात माझी कीर्ती सांगणार असेल.
नंतर दोघी तासभर स्वयंपाकघरात. मी इकडे शास्त्र उघडून बसलो ते बसलोच. ते गेल्यावर मार्था एकटीच हसत होती. कशाला, ते सांगेना. अशा घरात साक्षीदार घडायचा कसा.

११ डिसेंबर, रविवार
लक्ष्मणराव दोघांना आणणार असल्याची खडकीत बातमी. त्यातला एक त्याचा मेहुणा आहे आणि मेहुण्याचा बाप्तिस्मा माझ्यासमोर नगरला झालेला आहे. हे पाळकसाहेबांच्या कानावर घालणं माझं कर्तव्य होतं. घातलं. त्यांनी विचारलं, तुमचा माणूस येतोय ना? मी येतोय म्हणालो, आणि कोटाच्या आत काखा भिजल्या. गेनूला अजून विचारलेलंच नाही. तो नाही म्हणाला तर दोन महिने बाभळीखाली मुंग्या चावून घेतल्या त्या फुकट.

१२ डिसेंबर
विचारलं. गेनू म्हणाला, त्या दिवशी तुमी खुशीत असता का भाऊसाहेब? आमचा सगळ्यांत आनंदाचा दिवस तो, म्हणालो. नक्की? नक्की. मंग येतोच म्हणाला, तिलाबी आनतो.
मला फक्त हात वर करून प्रभूचे आभार मानायचे होते, पण समोर फोरमन होता.

२५ डिसेंबर, रविवार. दुपारी १
आले. बैलगाडी करून, सात जण: गेनू, तानाबाई, दोन पोरं, भाऊ, भावजय आणि ठकुबाई नावाची आजी. चपला बाहेर काढून ओळीने मागच्या बाकावर. लक्ष्मणरावाचा मेहुणा आला नाही, दुसऱ्याला ताप. मी मागे वळून सात डोकी मोजली आणि मला हसू आलं. आवरेना. पाळकसाहेबांची प्रार्थना चालू, आणि मी कोटाच्या बाहीत तोंड खुपसून हसतोय. डोळ्यांतून पाणी आलं. शेवटी मोठ्यानेच हसलो. मार्थाने कोपर मारलं, तरी हसलो. इतका हलका कधी झालो होतो आठवत नाही.
हाच तो आनंद. पाळकसाहेब खोटं बोलत नव्हते, फक्त त्यांना सांगता आलं नव्हतं.
मागे तानाबाई ढसढसा रडत होती. पाळकसाहेबांनी माझा हात दोनदा दाबला. ८ जानेवारीला उपासनेनंतर, अकराला, निवड. झाल्यातच जमा.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
लिहवत नाही. लिहितो.
गाडी जुंपताना गेनूने खुलासा केला. बाभळीखाली मी पहिल्या दिवशी बोललो ते ऐकून घरी गेला आणि बायकोला म्हणाला, एक चांगला माणूस हाय, पन लई पिडलाय. झोप न्हाई, जेवान न्हाई, समदीकडं आग दिसती. तानाबाईने भैरवनाथाला नवस केला: भाऊसाहेबाला एकदा मोकळं हसू दे, पुरणाचा निवद दाखवीन, तवर गोड तोंडात घालनार न्हाई. मार्थाला विचारून घेतलं होतं, हे हसतात का कधी? मार्था म्हणाली होती, लग्नात हसले होते, फोटोवाल्याच्या सांगण्यावरून.
आज नवस फळला. रविवार देवाचा वार, तयारीला पंधरा दिवस लागणार, म्हणून ८ जानेवारी. ज्याच्यासाठी नवस, त्याने हजर राहून पहिला घास घ्यावा लागतो. त्याशिवाय तो फिटत नाही.
म्हणजे दोन महिने ऐकत होता तो माझी साक्ष नव्हे. आजारपण.

१ जानेवारी १९५६, रविवार
मी जाणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. शिवाय अकराला निवड.
मार्था म्हणाली, नका जाऊ. ती बाई जन्मभर गोड खाणार नाही, तुम्ही जन्मभर पंच राहा. मी जातेय.
नवीन बेत: सकाळी सातला सायकलने चिखली, देवळाबाहेर उभं राहून एक घास, सव्वासातला परत. तत्त्वही राहील, निवडही होईल.

८ जानेवारी, रविवार. रात्री
सातला पोहोचलो. पुरण तेव्हा वाटायलाच घेतलं होतं.
मी पारावर बसलो, देवळात पाऊल ठेवलं नाही. ही नोंद राहू द्यावी. पण गाव पारावर आलं. हेच का ते? व्हय, हेच. आदी तोंड कसं व्हतं म्हनं? गेनूने सगळ्यांना करून दाखवलं. पोरं हसून लोळली. साडेनऊला नैवेद्य गेला, दहाला पान वाढलं. देवाला दाखवलेलं खावं की नाही यावर शास्त्रात दोन्ही बाजूंनी आहे, मी दोन्ही बाजू आठवत होतो तोवर तानाबाई ताटासमोर येऊन बसली. नुसती माझ्या हाताकडे बघत होती. घास घेतला. मग तिने पोळीचा तुकडा मोडून स्वतःच्या तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिली.
दुसरी पोळी मार्थाने वाढली. तिसरी मी मागितली. पावणेबारा वाजले होते.
हजर उमेदवार एकच, म्हणून नव्या माणसाची अट बाजूला ठेवून लक्ष्मणराव बिनविरोध.
निघताना ठकुबाईंनी माझ्या तोंडावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. त्यांचा धाकटा जावई तळवड्याला असतो, त्याचंही तोंड सदा असंच म्हणे, झोप नाही, भाऊबंदकी. त्याला पुढच्या रविवारी माझ्याकडे पाठवणार आहेत. भैरवनाथाने मला कसं बरं केलं ते मी त्याला माझ्या तोंडाने सांगायचं आहे. दुसऱ्याने सांगून पटत नाही म्हणाल्या.
येतो म्हणालाय. येताना आणखी दोघांना आणणार आहे.