स्कॉचला पऱ्हाटीची धुरी

३ डिसेंबर
राकेशनं दुबईच्या मित्राकडून स्कॉच मागवली. ठेवली माझ्या कपाटात. म्हणे, आई, किल्ली तुझ्याकडे, भरवसा तुझ्यावरच. पंधराला पिंपळनेरचे झुलालआबा त्यांच्या नातवासाठी आमच्या नूतनला पाहायला येणार. त्यांच्या घरात आबांचा शब्द शेवटचा. आबांना स्कॉचच लागते. नातीच्या लग्नाचा प्रश्न. मी हात लावणार नाही. फक्त ज्ञान घेणार.

५ डिसेंबर
मोबाईलवर पाहिलं. जवाला मोड आणायचे, वाळवायचे, आंबवायचे, वाफ धरायची, तीन वर्षं लाकडी पिपात. ही माल्ट. गहू-मक्याची ती ग्रेन. दोन्ही मिसळली की ब्लेंडेड. म्हणजे आपली कळण्याची भाकर. ज्वारीत उडीद. तिकडे मिसळणाऱ्याला मास्टर ब्लेंडर म्हणतात. मला सासूबाई वेंधळी म्हणायच्या.

८ डिसेंबर, दुपारी
ब्लेंडर आधी वास घेतो. सील न फोडता वास कसा येणार? फोडलं. एक चमचा. नुसत्या वासाचं ज्ञान अर्धवट.

९ डिसेंबर
चमचा लहान पडतो. वाटी घेतली. यांचा फोटो भिंतीकडे फिरवला. जन्मभर एकटेच प्यायले, मला कधी विचारलं?

११ डिसेंबर
बाटली निम्मी. उडाली असणार. तिकडेही पिपातून उडते, त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. आमच्या असोद्यात देवदूत जास्त दिसतात.

१२ डिसेंबर
शेजारच्या भिकुबाईचा भाऊ शिरपूरकडचा. त्याच्याकडून मोहाची आणवली. ही आपली ग्रेन. रंगाला कोरा चहा. पण काही स्कॉचला धुराचा वास असतो म्हणे. सोपं आहे. पऱ्हाटीवर, कपाशीच्या वाळल्या काड्यांवर, भरताची वांगी भाजली, त्याच धुरावर पातेलं धरलं. भिकुबाई म्हणाली, द्रौपदे, दारूले धुरी देते का कोणी? अडाणी बाई.

१४ डिसेंबर
धुरी दिलेली मोहाची ओतून बाटली भरली. सील डिंकानं चिकटवलं. लांबून ओळखू येत नाही. आबा एवढ्या जवळून कशाला बघतील?

१५ डिसेंबर
आबांनी चष्मा लावून बाटली पाहिली. झाकण हातातच आलं. वास घेतला, घोट घेतला, डोळे मिटले. मी पदर सावरून शाबासकीची वाट पाहतेय. आबा म्हणाले, अक्का, हाऊ तं भरीतना वास शे. मग राकेशला म्हणाले, पोरा, दुबईवाल्यानं फसवलं तुला. राकेश माझ्याकडे बघत राहिला. मी यांच्या फोटोकडे पाहिलं, तो अजून भिंतीकडेच.
आबांनी भरीत मागितलं. घरात पाहुण्यांसाठी पनीर केलेलं. भिकुबाईकडून वाटीभर आणलं, आबांनी पुसून खाल्लं. नूतनचं जमलं.
जाताना बाटली माझ्या हातात दिली. म्हणाले, अक्का, गुडघ्यांना चोळायला ठेवा.
किल्ली राकेशनं नेली. गुडघे दुखत नाहीत. तरी चोळतेय.