हाताला विचार

दादा,

आज जे घडलं ते सगळ्यांत आधी तुलाच सांगायचंय.

मेंदूला झटका आल्यापासून आई म्हणते, काहीच दिसत नाही. तू तिला वाटेतलं स्टूल चुकवून जाताना पाहिलंस, "दिसतंय तिला, सोंग करतेय" म्हणालास आणि निघून गेलास. तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

आज डॉक्टरीणबाईंनी तिच्यासमोर तिचीच शिवणाची कात्री धरली, कधी उभी, कधी आडवी.

"मला दिसत नाही हो," आई म्हणाली.

"नुसत्या अंदाजाने धरा."

तिने हात पुढे केला, मनगट बरोबर वळवलं आणि कात्रीची मूठ पकडली. दहापैकी नऊ वेळा.

"आई, कसं कळलं तुला?"

"मला कुठे कळलंय? हाताला विचार."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्यांनी पाहिलेलं हातापर्यंत पोचतं, पण 'मी पाहतेय' ही जाणीवच तिला होत नाही. दादा, म्हणजे माणसाला एखादी गोष्ट ठाऊक असते आणि ती ठाऊक आहे हेच ठाऊक नसतं! मी तर उडालेच.

आई मात्र रडली. "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते ना?" तिलाच स्वतःची शंका यायला लागली होती.

एवढं लिहीपर्यंत तिने माझा फोन मागून घेतला. आता पलीकडच्या खोलीत ती तुला सांगतेय, "तूही खरंच बोलत होतास रे."

हे पत्र राहू दे माझ्याकडेच.

तुझी धाकटी