घट धरलेली उत्तरं

१२ जून, गुरुवार
मामांनी आज पुन्हा तेच काढलं. मदुरैला गलाईचं, सोनं आटवायचं नवं दुकान टाकतायत, ते मी सांभाळायचं, पाच वर्षं तरी तिथनं हलायचं नाही. म्हटलं, शाळा सुरू होऊ द्या, मग सांगतो. मामा भट्टीवरची नजर न काढता म्हणाले, "शाळा सुरू झाली म्हंजे तू काय पहिलीत जाऊन बसणार हाईस?" सगळं दुकान हसलं.
हसू देत. बायकोची, रूपालीची सरावपानं चालली आणि त्यावर तिची शिकवणी जमली तर मदुरै नाही आणि हे कोइमतूर पण नाही. सरळ आटपाडी. मामांना हे सांगितलेलं नाही. रूपालीला सांगितलंय.

१४ जून, शनिवार
गिऱ्हाईक कमी. दुपारी दुकानाच्या कॉम्प्युटरवर दुसरीचं बेरजेचं पान केलं. रू. गणितं काढून फोटो पाठवते, मी टाइप करतो, चौकटी आखतो, साइटवर चढवतो. कुणीही उतरवून घ्यावं, छापून पोरांना सोडवायला द्यावं. ती डी.एड., मी आठवी नापास. पानावर नाव तिचंच. बरोबरच आहे.
चौकटी परत हलल्या. मोबाईलवर सरळ दिसतं, छापलं की दशकाचा आकडा एककाखाली.
आटपाडीच्या स्टँडजवळ मुलाणीचाचांचं झेरॉक्सचं दुकान आहे, तेच आमची पानं पहिल्यांदा छापून बघतात. त्यांचा फोन. "सुनील, कडंला जागा सोड की लेका. रेघ कापली जातीय. निस्ती गणितं कोंबतोयस, वडापच्या जीपमधी माणसं भरल्यागत."

१७ जून, मंगळवार
सासूबाई पडल्या, पाय मोडला. रू. लेकीला, पिऊला घेऊन माहेरी गेली, पाटणच्या वर. तिथं डोंगरात रेंज नाही. जाता जाता एवढंच म्हणाली, शाळेतले गुरुजी तयार झालेत, वजनाचं पान तिसरीच्या वर्गाला देणार, आवडलं तर केंद्रातल्या सगळ्या शाळांना. शुक्रवारी पान पाहिजे.
आणि गणितांचे फोटो पाठवायचे राहिले. फोन लावतोय, लागत नाही.

१९ जून, गुरुवार
उद्या शुक्रवार. रेंज नाहीच.
शेवटी मीच गणितं घातली. वजन म्हटल्यावर मला दुसरं काय सुचणार. "आजीच्या बांगड्या १२ ग्रॅम, आईची साखळी ८ ग्रॅम. दोन्ही आटवून एक लगड केली. लगडीचं वजन किती?" अशीच सगळी. पालकांसाठी उत्तरांचं पान वेगळं. एका बैठकीत उरकलं, कुठं अडलोच नाही. लय दिवसांनी बरं वाटलं. आपण पण काहीतरी...

२३ जून, सोमवार
सकाळी चाचांचा फोन.
"तिसरीची उत्तरं तूच काढलीस का रं?"
व्हय म्हटलं.
"बारा आन् आठ किती?"
"वीस."
"मग एकोणीस ग्रॅम आठशे मिलिग्रॅम का लिवलंस?"
बारा आणि आठ आटवले की वीस कधी भरत नाहीत. मळ असतो, सांध्याची झाळ असते, काही ना काही जळतं. ती घट गिऱ्हाइकाला आधी सांगायची, नाहीतर भांडण. इथं आल्यापासून हेच करतोय. पानावरच्या एकूण एक उत्तरात घट धरून बसलो. हात आपोआप गेला.
साइटवरचं पान काढलं. वर्गात वाटलेलं कसं काढणार.

२४ जून, मंगळवार
पालकांच्या ग्रुपवर पानाचा फोटो फिरतोय, चाचांनी पाठवला. एकानं लिहिलंय, "मॅडम, दोनशे मिलिग्रॅम कुणी खाल्लं?" दुसरा, "हितं शिकवणी लावली तर पोरगं दुकानातनं सुट्टे कमीच घिऊन यील." नाव रूपालीचं. ती डोंगरात, तिला पत्ता पण नाही.
गुरुजींना फोन केला. "आवं गुरुजी, चूक माझी हाय, तिची न्हाई." ते म्हणाले, "पानावर नाव कुणाचं आहे?" आणि मग, नंतर बघू.
नंतर बघू म्हणजे काय ते मला कळतं. आम्ही पण गिऱ्हाइकाला तेच म्हणतो.
मामांनी पान मागून घेतलं, चष्मा लावून वाचलं. "ह्यात चुकलंय काय? उलट घट कमीच धरलीस."
हसावं का डोकं आपटावं. हातातली मूस पडून फुटली. त्याचं वेगळं ऐकून घेतलं.

२६ जून, गुरुवार
रू. घरी पोचली, रेंजमध्ये आली आणि सगळं एकदमच तिच्या मोबाईलवर पडलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.
"मला न इचारता कसं टाकलंसा?"
"फोन लागत नव्हता."
"मग टाकायचं न्हाई. आई पडलीय म्हणून सांगितलं असतं तर गुरुजी थांबलं असतं. आता ते..."
नंतर म्हणाली, "हितनं पुढं तुमी निस्तं टाइप करा."
बरं.

२९ जून, रविवार
पेरू. बिस्किटं. चेंडू. बारा पेरू आणि आठ पेरू. टाइप केले.
राग कुणावर काढावा? पेरूवर?
मामा म्हणाले, मदुरैचं शटर बसलं. "शनवारी तिकीट काढायचं हाय. तू न्हाई तर दुसरा बघतो, पर मग परत माझ्याकडं यायचं न्हाई." त्यांचं पण खोटं नाही. त्यांनीच आणलं मला, नाहीतर गावात गाड्या पुसत बसलो असतो.

२ जुलै, बुधवार
रू. स्वतः शाळेत गेली. तिसरीच्या वर्गात उभी राहून म्हणाली, उत्तरं चुकलीत, आणि का चुकली ते पण सांगितलं. निम्म्या वर्गाचे बाप गलाईवर बाहेर. एका पोरीनं विचारलं, "बाई, मग ते कमी झालेलं जातं कुठं?" रू. नं संध्याकाळी मला फोन करून विचारलं.
सांगितलं. थोडं धुरात, थोडं मुशीला चिकटून. थोडं दुकानात सांडतं, म्हणून आम्ही केर पण टाकत नाही, साठवतो, जाळतो, त्यातनं परत सोनं काढतो.
"केरातनं?"
"केरातनं."
ठेवते म्हणाली. गुरुजींचं विचारायचं राहिलं. राहिलं नाही, धीर झाला नाही.

५ जुलै, शनिवार
मामा सकाळपासून गल्ल्यावर मोबाईल धरून बसलेत, मदुरैची गाडी उघडून. "सांग, माझं एक तिकीट का तुझं धरून दोन?" म्हटलं, चहा होऊ द्या.
चहा झाला. तेवढ्यात रू. चा मेसेज. "वजनाचं नवं पान करा. तुमचीच गणितं घाला, बांगड्या साखळ्या. उत्तरं मी काढणार. घट एकाच गणितात, आन् किती जाती ते तिथंच लिवून. गुरुजी बघतो म्हणालेत. देतो म्हणाले न्हाईत."
बघतो.
दोनदा वाचलं. कॉम्प्युटर लावला. वर रूपालीचं नाव टाकलं, खाली पहिलं गणित. आजीच्या बांगड्या १२ ग्रॅम.
"सुन्या, एक का दोन रं?"
चौकटी परत हलल्यात. आधी ह्या सरळ करतो.