बाबांचा पेला

मंगळवार, संध्याकाळी साडेसात

रात्री दहाला जिम करून आले की दोन-दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नव्हता. डॉक्टर म्हणाल्या, व्यायाम सकाळी करून बघ. दहा दिवस झाले, सकाळी सहाला चालायला जातेय आणि रात्री मेल्यासारखी झोपतेय.

तिथेच वाट लागली. ऑपरेशन झाल्यापासून बाबांना रात्री बाथरूमला जायचं असलं की ते चमचा पेल्यावर वाजवतात आणि मी उठते. काल मला ऐकूच आलं नाही. शेवटी एकटेच उठले आणि पडले. आईने, तिचे ते गुडघे घेऊन, त्यांना उचललं. मला सकाळी कळलं.

"मला उठवलं का नाहीस?" मी आईवरच चिडले.

"हेच म्हणाले, झोपू दे गं तिला. किती दिवसांनी झोपलीये."

फार लागलं नाही, पण कितीदा वाजवला असेल पेला? विचारायची हिंमत नाही झाली. मग काय, मी झोपायचंच नाही का?

जिमची बॅग भरलीय. आजपासून परत रात्रीच जाणार, म्हणजे झोप लागणारच नाही. आईला सांगितलं, सकाळी जमत नाही.

मघाशी बाबांच्या खोलीत गेले, तर उशाशी स्टीलचा पेला नव्हता. प्लास्टिकचा ग्लास मागून घेतलाय त्यांनी.